नुसता ठेका

माझ्या बोटांना लहानपणापासून एक वाईट खोड आहे. समोर काहीही सपाट दिसले, की ती माझी परवानगी न घेता चालू लागतात. शाळेत ती बाकावर चालत, तेव्हा त्यांच्यावर छड्या बसत. पुढे कचेरीत फायलींच्या पुठ्ठ्यावर चालू लागली, तेव्हा हेडक्लार्क चष्म्यावरून नुसते बघत. छडीपेक्षा ते बघणे अधिक लागे. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना, अंतरपाटामागे उभा राहून मी सोवळ्याच्या निऱ्यांवर केरवा वाजवीत होतो, ही गोष्ट माझी पत्नी आल्यागेल्याला अजून सांगते. मी ती नाकारीत नाही. भटजींची लय फार छान होती, एवढेच माझे म्हणणे.

पोटासाठी मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. तबला हा माझा व्यवसाय कधीच नव्हता. पण व्यवसायाइतकी इमानदारी मी दुसऱ्या कशाशी राखली असेल, असे वाटत नाही. गिरगाव-दादरच्या घरगुती बैठकींतून चाळीसएक वर्षे मी साथ केली. आजही गाण्याहून परतताना शेजारचे गृहस्थ "काय मारवा झाला हो!" म्हणतात, तेव्हा मी भान नसल्यासारखा "काय ठेका होता!" असे म्हणून मोकळा होतो. मग आम्ही दोघेही आपापल्या आनंदात जिने चढतो.

ठेका म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळले. खरे म्हणजे ते माझ्यासमोर पहिल्यापासून होते. आमच्या चाळीत एकादशीला भजन असे. पखवाजावर कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपीकाका बसत. बसण्यापूर्वी ते कणकेचा ओला गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापीत. मग त्या बाजूने असा काही खोल 'घुम्' निघे, की माझ्या पोटात हलल्यासारखे होई. भजन संपले की ती कणीक खरवडून निघे आणि गल्लीतल्या गाईला मिळे. मी त्या गाईचा हेवा करीत असे. काकांना ठेके यायचे दोन, फार तर तीन. तीन तास तेच. त्यांनी कधी एखादा तुकडा घेतल्याचे, कधी तिहाई मारल्याचे मला आठवत नाही. तरी दहाच्या सुमारास खोलीभर माणसे उभी राहिलेली असत, सांधे धरलेल्या म्हाताऱ्या डुलत असत आणि टाळ असे पडत, की वीस जोड्या मिळून एकच टाळ आहे असे वाटावे. मला मात्र काकांचे काही विशेष वाटत नसे. एवढी वर्षे वाजवून ह्यांना फक्त दोनच ठेके येतात, असे माझे मत होते. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो आणि मला बरेच काही कळत होते.

अकराव्या वर्षी वडिलांनी मला मास्तरांकडे घातले. वडील गंधर्व कंपनीची नाटके पाहिलेल्या पिढीतले. बालगंधर्वांबद्दल ते बोलत, पण डोळे मोठे होत ते साथीविषयी बोलताना. ऑर्गन, सारंगी आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ! मुरादाबादचा हा मुलगा मुंबईत मुनीर खाँसाहेबांकडे शिकला. त्याची बोटे तबल्यावर नाचताना पाहून त्याला 'थिरकवा' हे नाव पडले, आणि पुढे आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा तेच मोठे झाले. वडील आणखी एक गोष्ट सांगत, ती गोव्याच्या खाप्रुमामा पर्वतकरांची. हातांनी एक ताल, पायांनी दुसरा आणि तोंडाने तिसरा, असे सगळे एका वेळी चालवून मामा बरोबर समेवर येऊन थांबत. १९५३ साली ते वारले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बातमी ऐकून मी गॅलरीत बसून दोन हातांनी दोन ताल धरण्याचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या मात्रेला खुर्चीवरून पडलो.

आमचे मास्तर अमीर हुसेन खाँसाहेबांकडे काही वर्षे शिकलेले. खाँसाहेब म्हणजे मुनीर खाँचे भाचे आणि शिष्य. मुंबईत राहून त्यांनी पुष्कळ शिष्य तयार केले आणि गतींचा तर त्यांनी नुसता पाऊस पाडला. ते १९६९ साली गेले. त्यांच्या गतीचे बोल मास्तर तोंडाने म्हणून दाखवीत, तेव्हा वाटे की ही कविताच आहे. फक्त तिच्यातले शब्द अजून कोणत्याही भाषेला सापडलेले नाहीत.

तबला शिकणाऱ्याला पहिली भुरळ पडते ती हाताच्या तयारीची, आणि तिच्यात खोटे काही नाही. 'तिरकिट' हा एवढासा बोल घ्या. चार अक्षरे, पण पहिली दोन बोटे कुठे पडावीत, तर्जनी कुठे यावी, डावा तळवा किती बसावा, ह्यावर माणसांची वर्षे जातात. 'धिरधिर'ला तळहात शाईवर असा लोळवावा लागतो, की मनगटाला आपण मनगट आहोत ह्याचा विसर पडावा. आणि सगळ्यांत मौज 'ना' ह्या अगदी साध्या अक्षराची आहे. तर्जनी चाटेवर पडते, आवाज निघतो, आणि सगळे श्रेय ती घेते. वास्तविक त्याच क्षणी अनामिका शाईच्या कडेला अगदी अलगद टेकलेली असते. ती काहीच वाजवीत नाही, फक्त टेकते. पण ती उचला, की 'ना'चा सूर गढूळ झालाच. चंद्रशेखर रामन ह्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशावरच्या कामासाठी. पण त्याच्या दहा वर्षे आधी, १९२० साली, त्यांनी एका सहकाऱ्यासह आपल्या चर्मवाद्यांवर निबंध लिहिला होता. साध्या ढोलाचे कातडे एकमेकांशी न जुळणारे सूर काढते. मधोमध शाईचे वजन दिले, की तेच कातडे तंबोऱ्याच्या तारेसारखे सुसंवादी स्वर देऊ लागते. म्हणून तर गाणाऱ्याच्या षड्जात तबला लावता येतो. ज्या कोणी प्रथम लोखंडाचा कीस आणि खळ घोटून त्या कातड्यावर थर चढवले, त्याला हे गणित ठाऊक नव्हते. त्याला कान होते.

तर अशा त्या तयारीच्या नादात मी विशीत आलो. सकाळी कचेरीपूर्वी दोन तास, रात्री दोन तास. घड्याळ लावून रेल्यांचा वेग मोजायचा. शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या, की त्या लयीत आहेत का तेवढे पाहायचे. मास्तर ऐकत, मान हलवीत, आणि मग हमखास म्हणत, "आता ठेका वाजव." मला त्यात अपमान वाटे. गावाहून बी. ए. होऊन आलेल्या मुलाला पाढे म्हणायला सांगावे, तसा.

१९६६ च्या कोजागिरीला एका सद्गृहस्थांच्या गच्चीवर गाणे होते. गाणाऱ्या बाई ग्वाल्हेर परंपरेतल्या; साठी ओलांडलेली, अंगावर साधे पांढरे पातळ, आवाज किंचित बसका पण सुराला पक्का. ठरलेले तबलजी आजारी पडले. मास्तर स्वतः परगावी. निरोप माझ्याकडे आला. मी बावीस वर्षांचा होतो, आणि मला वाटले की आकाशातला तो चंद्र मुद्दाम माझ्यासाठीच एवढा मोठा करून लावला आहे.

बाईंनी तिलवाड्यात बडा ख्याल सुरू केला. तिलवाडा सोळा मात्रांचा, आणि विलंबित लयीत त्याच्या एका आवर्तनाला अर्धा मिनिट सहज लागते. म्हणजे एका मात्रेपासून दुसरीपर्यंत दोन सेकंद. कागदावर हे काहीच नाही. हाताखाली तबला घेऊन बसले, म्हणजे दोन सेकंद किती लांब असतात ते कळते. त्या मोकळ्या जागेत माझी बोटे वळवळू लागली. प्रथम मी एक 'तिरकिट' भरला. गच्चीत कोणीतरी "वा!" म्हटले. मग दोन भरले. मग डग्ग्यावर मनगट घासून एक मोठी मींड काढली. बाई मुखड्यावर येत होत्या, नि मी त्यांच्या आधी समेच्या दारात जाऊन उभा राहात होतो. माझ्या हे ध्यानातही आले नाही, की लय हळूहळू चढते आहे. शेवटी, आठ दिवस घोटलेली एक चक्रदार माझ्या हातात होती, तिला मला राहवेना. बाई एका गंधारावर थांबल्या होत्या. मी चक्रदार सोडली. सम बिनचूक आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाई थांबल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी तंबोऱ्यावरचा हात तसाच ठेवला, माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाळ, मला थोडी जागा देतोस?"

पुढे तास-दीड तास त्या गायल्या. दूध झाले, पोहे झाले. अनेकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मात्र गिरगावापर्यंत चालत आलो आणि रात्रभर गॅलरीत बसून राहिलो. त्या गंधारानंतर बाई काय गाणार होत्या, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हते. मी ते पुसून टाकले होते.

मास्तरांना मी स्वतःच जाऊन सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून एकताल. विलंबित. दुसरं काही नाही."

"किती दिवस?"

"ते मी सांगेन. तू मोजू नकोस. तू मात्रा मोज."

ते 'दुसरे काही नाही' सुमारे वर्षभर चालले. पद्धत त्यांची अशी. मी बाराच मात्रा, धिं धिं पासून धी ना पर्यंत, वाजवायला लागे. मास्तर भिंतीवरचे घड्याळ पाहून दहा आवर्तने मोजीत. पाच मिनिटे भरली, की पिशवी घेऊन खुशाल भाजी आणायला निघून जात. अर्ध्या तासाने परत येत, पिशवी कोपऱ्यात ठेवीत आणि पुन्हा दहा आवर्तने मोजीत. पहिल्या महिन्यात पाच मिनिटांची हटकून साडेचार झालेली असत. "अर्धं मिनिट कुठं सांडलंस?" ते विचारीत. मग मेथी निवडीत निवडीत सांगत, "लय पायाने चालत नाही रे, मनाने पळते. तुला पुढचं दिसतं म्हणून तू पळतोस." दुसऱ्या महिन्यात मी उलट पिछेहाट केली, भीतीने लय बसू लागली. पाचाची सव्वापाच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केव्हातरी मी मोजणे विसरलो. मग दोन मात्रांमधली ती पोकळी पोकळी राहिली नाही. डग्ग्याचा घुमारा पुढच्या मात्रेपर्यंत कसा वाहात जातो, कुठे क्षीण होतो, कुठे त्याला बोटाच्या टोकाने नुसती आठवण द्यावी लागते, हे ऐकू येऊ लागले. भरायचे ते असे, की ऐकणाऱ्याला भरलेले कळू नये; फक्त गाणाऱ्याला पायाखाली फरशी लागावी. त्या दिवसांत एकदा एकादशी आली. मी भजनाला गेलो आणि शिंपीकाकांच्या समोर बसून तीन तास त्यांचे हात पाहिले. दोनच ठेके. एका घटकेलाही लय ढळली नाही. मी उठून पाया पडलो, तेव्हा ते बिचारे गोंधळून गेले. पोराची परीक्षा वगैरे असेल, असे त्यांना वाटले.

१९७१ च्या हिवाळ्यात मुंबईतच मी थिरकवाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकले. वय ऐंशीच्या आसपास. आदल्या वर्षीच त्यांना पद्मभूषण मिळालेले. अंगकाठी वाळलेली, चेहरा निर्विकार. मी फार पुढे जागा धरून बसलो होतो, कारण मला बोटे पाहायची होती. आणि बोटे तर दिसेनात! हात तबल्यापासून उचलला जातो आहे की नाही, असा संशय यावा इतके ते खाली. लेहऱ्यावर पेशकार सुरू झाला. त्यात दिल्लीही होती, फरुखाबादही, अजराड्याचा तो डग्ग्याचा आडवा डोलही. पण पाहुण्यांसारखी वेगवेगळी बसलेली नव्हती, एकाच घरातली झाली होती. नंतर कायदे झाले, गती झाल्या, लोक वेडे झाले. मला विचाराल तर ती सगळी संध्याकाळ मी एका गोष्टीसाठी जपून ठेवली आहे. एक गत संपल्यावर पुढची सुरू करण्यापूर्वी त्यांनी तीनतालाचा साधा ठेका चार आवर्तने वाजवला. धा धिं धिं धा. पहिल्या महिन्यात पोरांना शिकवतात तो. त्या चार आवर्तनांत माझ्या डोळ्यांना पाणी आले, आणि ते का आले हे शेजारच्या माणसाला मला समजावून सांगता येईना. प्रत्येक 'धा' आपल्या जागी पडत होता. तरी नुसता जागी पडलेला नव्हता, पुढच्याला हात देऊन उभा होता. १९७६ च्या जानेवारीत लखनौला ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. ज्यांना वेग हवा त्यांना त्यांत वेग मिळेल.

पुढच्याच वर्षी मला एक निरोप आला. त्याच बाईंचे गाणे, एका घरगुती बैठकीत. आता त्या सत्तरी ओलांडलेल्या. मी जावे की न जावे ह्या विचारात दोन दिवस काढले. गेलो. तिलवाडाच होता. मी काही केले नाही. अगदी खरे सांगायचे तर इतके कष्टाने 'काही न करणे' मी त्या आधी किंवा नंतर केलेले नाही. बाई दोन तास गायल्या. एकदाही माझ्याकडे वळून पाहिले नाही. उठताना त्यांनी शाल नीट केली, आणि विचारले, "आपलं नाव काय म्हणालात?" अकरा वर्षांपूर्वीचा तो बाळ त्यांना आठवत नव्हता. मी नाव सांगितले आणि पहिल्यांदाच भेटतो आहोत असे दाखवून नमस्कार केला.

झाकिर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला गेले, तेव्हा घरोघर त्यांच्या वेगाची, केसांची, तबल्यावर काढलेल्या आगगाडीची आठवण निघाली. मीही ती आगगाडी ऐकून हसलो आहे. पण मला आठवत होते ते दुसऱ्याचे गाणे किंवा वाजवणे चालू असताना त्यांचे वळलेले तोंड. इतके कान देऊन ऐकणारा चेहरा मी क्वचित पाहिला. २०२२ साली संतूरवादक शिवकुमार शर्मांच्या अंत्ययात्रेत ते खांदा देऊन चालत होते, ते छायाचित्र मी वर्तमानपत्रातून कापून ठेवले आहे. साथ ह्या शब्दाचा कोशात काय अर्थ दिला आहे, तो मी पाहिलेला नाही.

माझी अनामिका गेली सहा वर्षे वाकत नाही. सांध्याचे दुखणे आहे. डॉक्टर म्हणतात, वयाचे आहे. जी बोटे काम करताना दिसतात ती सगळी शाबूत, आणि जे नुसते टेकायचे तेच नेमके गेले. 'ना' गढूळ झाला. 'तिरकिट' तर मी सोडूनच दिला आहे. तबला-डग्ग्याला चुंबळीसकट गवसणी घालून कपाटावर ठेवले आहे.

माझा नातू सोळा वर्षांचा आहे आणि ड्रम वाजवतो. म्हणजे ड्रम त्याला घरात परवानगी नाही. रबराची एक गोल तबकडी आहे, तिच्यावर काठ्या चालतात. मला प्रथम तो प्रकार रुचला नव्हता. एके दिवशी त्याने माझ्या कानाला यंत्र लावले आणि म्हणाला, "आजोबा, हे ऐका. फंकी ड्रमर." जेम्स ब्राउन ह्या अमेरिकन गायकाच्या संचातला क्लाइड स्टबलफील्ड नावाचा वादक, १९६९ सालचे ध्वनिमुद्रण. मी ऐकले. पुन्हा लावायला सांगितले. गाण्यात मध्येच गायक त्या वादकाला बजावतो, की तुला स्वतंत्र असे काही वाजवायचे नाही, चालले आहे तेच चालू ठेव. आणि तो पठ्ठ्या खरोखरच तेच चालू ठेवतो! मग बाकी सगळे थांबतात आणि आठ आवर्तने नुसता ठेका. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये काठीचे इतके हलके स्पर्श आहेत, की कान टेकल्याशिवाय ते दिसत नाहीत. नातू म्हणाला, ह्यांना भुतांचे ठोके म्हणतात. असतात पण दिसत नाहीत. मला शिंपीकाका आठवले, मास्तरांची मेथी आठवली. पुढे जगभरच्या लोकांनी तेवढा तुकडा उचलून शेकडो गाण्यांखाली घातला. स्टबलफील्डला त्यातून फारसे काही मिळाले नाही, कारण गाण्यावर त्याचे नाव नव्हते. २०१७ साली तो गेला.

काल सकाळी स्वयंपाकघरात चकल्या चालल्या होत्या आणि दिवाणखान्यात नातवाची तबकडी. पोराची लय पळत होती. मी बराच वेळ गप्प राहिलो. मग टेबलावर डब्याचे ॲल्युमिनमचे मोठे झाकण होते ते मांडीवर ओढले आणि एकताल धरला. विलंबित नव्हे, जरा मध्य लयीत. त्याने माझ्याकडे पाहिले, काठ्या खाली आणल्या आणि माझ्या लयीत शिरला. चौथ्या मात्रेवर तिरकिट येतो. माझ्या बोटांनी तो सोडून दिला, तिथे भोक पडले. पुढच्या आवर्तनात त्या भोकात काठ्यांचे दोन-चार हलके स्पर्श आले, जेमतेम ऐकू येतील असे. मी वर पाहिले नाही. दहाव्या मात्रेवरचा तिरकिटही त्यानेच भरला. किती आवर्तने झाली कोण जाणे. घड्याळ माझ्या पाठीमागे होते.

मग आतून सुनेचा आवाज आला, "बाबा, ते झाकण इकडे द्या. चकल्या सादळतील."